चाचणीच्या ट्रॅकवरचा क्लच

वाहन चालवण्याच्या पक्क्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या प्रत्यक्ष चाचणीविषयी आलेल्या पत्रांत या वेळी क्लचचे प्रश्न इतके आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तरे हाताने गिअर बदलायच्या चारचाकीला धरून आहेत.

प्रश्न : माझी चाचणी चढावर अडकली. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी आधी बंद पडली आणि दुसऱ्या प्रयत्नात हातभर मागे आली. ड्रायव्हिंग स्कूलचे सर एवढेच सांगतात की क्लच हळू सोडा. मी तो हळूच सोडते, तरी असे का होते? – एक वाचक, सातारा

उत्तर : ‘क्लच हळू सोडा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पेडलचा प्रवास खालपासून वरपर्यंत सारख्याच महत्त्वाचा नसतो. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील सतत फिरत असते. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली क्लच प्लेट प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगमुळे त्या फ्लायव्हीलवर घट्ट दाबलेली असते, आणि तुम्ही पेडल दाबता तेव्हा तो दाब निघून प्लेट मोकळी होते. पेडल वर येऊ लागले की आधी काही अंतर काहीच घडत नाही, मग एका जागी प्लेट घासत घासत फ्लायव्हीलला धरू लागते, आणि पकड पूर्ण बसल्यावर उरलेले अंतर पुन्हा रिकामे जाते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ज्याला हाफ क्लच म्हणतात तो हा मधला टप्पा होय आणि तो फार मोठा नसतो, एखाद-दोन बोटांचाच असतो. तुम्ही पेडल तळापासून एकाच संथ गतीने सोडत असाल तर पाय या टप्प्यातूनही त्याच गतीने पार होतो. सपाट रस्त्यावर ते खपून जाते. चढावर गाडीचे वजन मागे ओढत असल्यामुळे इंजिनाला तेवढा अवधी पुरत नाही आणि ते आचका देऊन थांबते. दुसऱ्या प्रयत्नात बहुधा बंद पडण्याच्या धास्तीने तुमचा पाय ब्रेकवरून आधी निघाला असावा आणि क्लचची पकड मागाहून आली असावी, म्हणून मधल्या क्षणात गाडी मागे आली. दोन्ही वेळी पाय पकडीच्या जागी थांबलाच नाही.

म्हणून पेडल पकडीच्या जागेपर्यंत बेतशीर गतीने आणावे, तेथे पाय चक्क थांबवावा, आणि गाडी स्वतःच्या बळावर दोन-तीन मीटर पुढे सरकल्यानंतरच उरलेला क्लच सोडावा. पाय थांबवण्याची जागा डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. हॅण्डब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून आणि थोडी रेस देऊन क्लच वर आणू लागलात की एका क्षणी इंजिनाचा मोकळा आवाज जड होतो, आरपीएमचा काटा किंचित खाली येतो, बॉनेटचे टोक जरासे उचलल्यासारखे दिसते आणि सीटखाली बारीक थरथर जाणवते. ही चारही लक्षणे एकत्र दिसली की गाडी हॅण्डब्रेकवर नुसती अडून राहिलेली असते. आता हॅण्डब्रेकचे बटण दाबून तो पूर्ण खाली सोडला तर ती मागे येत नाही, कारण मागे ओढणाऱ्या वजनाला तोलून धरण्याचे काम ब्रेककडून क्लचकडे आधीच गेलेले असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये उमेदवाराला काय काय करून दाखवता आले पाहिजे याची यादी आहे. तीत तीव्र चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करण्याचा स्पष्ट उल्लेख असून, हे करताना हॅण्डब्रेकचा, किंवा रेस व पायाच्या ब्रेकचा योग्य वापर करावा आणि गाडी अजिबात मागे सरकू नये, असे म्हटले आहे. म्हणजे हॅण्डब्रेक वापरणे हे कच्च्या चालकाचे लक्षण आहे, ही अनेक शिकवणाऱ्यांची समजूत नियमात कोठेही आढळत नाही. उलट त्याचा उल्लेख पहिला आहे. पायाच्या ब्रेकची रीतही मान्य आहे. तीत उजवा पाय ब्रेकवर ठेवून क्लच पकडीपर्यंत आणायचा, थरथर जाणवली की डावा पाय तसाच ठेवून उजवा पाय ब्रेकवरून रेसवर न्यायचा. ही रीत झटपट असली तरी छोट्या पेट्रोल इंजिनात पकड जराशी जास्त झाली की इंजिन बंद पडते, कारण त्या क्षणी रेस मिळत नसते. चाचणीच्या दिवशी हात-पाय थोडे कापतातच; माझ्या मते ज्यांना निवड करता येते त्यांनी हॅण्डब्रेकच वापरावा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणजे एसी. कॉम्प्रेसरचा भार इंजिनावरच पडतो, आणि लहान इंजिनाच्या गाडीत चढावर निघताना तो जाणवतो. तेवढ्या दहा मिनिटांपुरता एसी बंद ठेवलेला बरा.

प्रश्न : ‘ब्रेकला पाय लावण्याआधी क्लच पूर्ण दाबायचाच’ असे मला पहिल्या दिवसापासून शिकवले गेले. आता एक नातेवाईक सांगतात की हे चूक आहे. चाचणीत नेमके काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे नातेवाईक बरोबर सांगत आहेत. हा प्रश्न इतक्या पत्रांत आला आहे की यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ही सवय का लावली जाते ते समजण्यासारखे आहे. नवशिका विद्यार्थी गाडी थांबवताना क्लच दाबायला विसरला की इंजिन बंद पडते, मागे हॉर्न वाजू लागतात, आणि ठरलेल्या मोजक्या दिवसांचा शिकवणीचा वेळ त्यात जातो. क्लच आधी दाबून टाकला की गाडी कधीच बंद पडत नाही, विद्यार्थी खूश राहतो आणि शिकवणाऱ्याचेही काम सोपे होते. पण ज्या क्षणी क्लच दाबला जातो त्या क्षणी चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. रेसवरून पाय काढल्यावर इंजिन स्वतःच चाकांना जो विरोध करत असते तो नाहीसा होतो, आणि गाडी थांबवण्याचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर अंतर थोडेच वाढते. उतारावर मात्र क्लच दाबताच गाडीचा वेग वाढतो, आणि तो वाढलेला पाहून नवशिका घाबरून क्लच आणखी घट्ट दाबून धरतो.

योग्य क्रम असा, की आधी रेसवरून पाय काढावा, मग ब्रेक दाबून वेग कमी करावा, आणि गाडी आता थरथरणार असे वाटण्याच्या थोडे आधी क्लच दाबावा. तो क्षण गिअरवर अवलंबून असतो. साधारण छोट्या पेट्रोल गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत खाली येईतो क्लचला हात, म्हणजे पाय, लावण्याची गरज नसते. पहिल्या गिअरमध्ये ती रेसशिवायही माणसाच्या भरभर चालण्याच्या गतीने जात राहते. अचानक कोणी आडवे आले तर मात्र हा हिशेब करत बसू नये, ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबावेत. तेथे गाडी वेळेत थांबणे एवढेच महत्त्वाचे.

नियम १५ च्या त्याच यादीत, वाहतुकीची स्थिती मागेल तेव्हा वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये लवकर येता आले पाहिजे, आणि उतारावर खालचा गिअर तत्परतेने टाकता आला पाहिजे, अशा दोन वेगळ्या अपेक्षा नोंदवलेल्या आहेत. दोन्हींच्या मागे इंजिनाचा विरोध कामी लावण्याचा विचार आहे. आपल्याकडे घाट इतके आहेत की हा विचार शब्दांत सांगण्याचीही गरज पडू नये. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नका असे बजावून सांगावे लागते, ते याच कारणासाठी. क्लच दाबून उतरणे आणि न्यूट्रलमध्ये उतरणे यांत चाकांच्या दृष्टीने काहीच फरक नाही, हे मात्र शिकवणीत क्वचितच सांगितले जाते.

गिअर खाली आणतानाही क्लच धाडकन सोडू नये. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच झटक्यात सोडला की गाडी पुढे डोके आपटल्यासारखी हिसका देते; पकडीच्या टप्प्यावर क्षणभर पाय थांबवला आणि अगदी थोडी रेस दिली की गिअर बदलल्याचे शेजारी बसलेल्याला कळतही नाही. शेजारी बसलेले निरीक्षक तुमच्या डाव्या पायाकडे वाकून पाहत नसतात. त्यांना हिसका जाणवतो, इंजिनाचा आवाज ऐकू येतो, आणि वळणावर गाडी मोकळी सुटलेली कळते. पायाने काय केले ते त्यावरूनच त्यांच्या लक्षात येते.

प्रश्न : आठच्या आकड्यावर आणि एच आकाराच्या ट्रॅकवर गाडी पूर्णवेळ हाफ क्लचवर चालवली तर चालेल का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : आठच्या आकड्यावर त्याची गरज नाही आणि ते हिताचेही नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून रेस न देता गाडी जितक्या गतीने जाते, तेवढी गती सामान्यतः या आकड्याला पुरेशी असते. क्लच पूर्ण सुटलेला असला की गती एकसारखी राहते आणि लक्ष स्टिअरिंगकडे देता येते. उलट वळणाच्या मध्यावर क्लच दाबला तर गाडी क्षणभर निराधार होते, सोडताना हिसका बसतो, आणि तेवढ्यात चाक कडेच्या पट्टीला लागते. भोसरीच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी, जेथे ट्रॅकच्या कडेला सेन्सर बसवलेले असतात, तेथे असा स्पर्श लपत नाही.

एच ट्रॅकवर मागे घेताना गोष्ट वेगळी आहे. रिव्हर्स गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडल्यावर येणारी गती नवशिक्याला जास्त वाटते, म्हणून तेथे पकडीच्या टप्प्यात पाय खालीवर करत, गरजेप्रमाणे उजव्या पायाने ब्रेक लावत गाडी सरकवणे रास्त आहे. एवढ्या थोड्या वेळात प्लेटचे फारसे बिघडत नाही. जळका वास आला तर मात्र गाडी न्यूट्रल करून तिला थोडी उसंत द्यावी. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबलेली हवी, आणि क्लच दाबल्यावर क्षणभर थांबून मग गिअर टाकावा, कारण अनेक गाड्यांत रिव्हर्सला पुढच्या गिअरसारखी सिंक्रोमेशची, म्हणजे दाते जुळण्याआधी त्यांची गती सारखी करण्याची, सोय नसते आणि घाई केली की करकर आवाज येतो. गिअर बसतच नसेल तर दांड्याशी झटापट न करता न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. दाते किंचित फिरतात आणि गिअर बसतो. आरशात अमुक खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवा, अशी खुणांची घोकंपट्टी करून एच पार करणारे पुष्कळ असतात. त्यांचीही गाडी बहुतेक वेळा चुकते ती खुणेमुळे नाही, खूण येईपर्यंत गाडीच वेगाने पुढे निघून गेल्यामुळे.

प्रश्न : घरच्या गाडीवर माझा क्लच व्यवस्थित जमतो, पण चाचणी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर द्यायची आहे आणि तीत मी सतत अडखळतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पकडीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, आणि शिकवणीच्या गाडीत ती बहुधा बरीच वर असते, कारण दिवसभर नवशिक्यांच्या पायाखाली तिची प्लेट झिजलेली असते. घरच्या गाडीत पेडल थोडे उचलताच पकड येत असेल तर येथे तेवढे उचलून काहीच होत नाही. मग तुम्ही उतावीळ होऊन उरलेले पेडल एकदम सोडता आणि गाडी उडी मारते. आपली पाळी येण्याआधी रांगेतच, हॅण्डब्रेक ओढून आणि पुढे पुरेशी मोकळी जागा पाहून, दोन-तीन वेळा पकडीची जागा शोधून ठेवावी.

सीटकडेही त्याच वेळी पाहावे. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि गिअर करकरतो. टाच जमिनीवर टेकवून पायाच्या पुढच्या भागाने पेडल हाताळले की पाय हवा तेथे थांबवता येतो. टाच अधांतरी असेल तर तो थांबत नाही. पायाखालची रबरी मॅट पुढे सरकून पेडलखाली गेलेली नाही ना, हे वाकून पाहायला हरकत नाही. क्लच पूर्ण दाबला जात नसल्याची तक्रार कित्येकदा मॅट मागे ओढल्यावर संपते. चपला घालून चाचणीला येणारे अजूनही पुष्कळ दिसतात, आणि टाचेतून सुटणारी चप्पल क्लचखाली अडकली तर काय होईल हे सांगायला नको. पातळ तळव्याचा, मागे बंद असलेला बूट सर्वांत सोयीचा.

प्रश्न : गाडी चालू असताना डावा पाय कोठे ठेवावा? – एक वाचक, अकोला

उत्तर : क्लचच्या डावीकडे पाय टेकवायची जागा असेल तर तेथे, नसेल तर जमिनीवर, पेडलवर नक्कीच नाही. नुसता टेकलेला पायही पेडल थोडे दाबत असतो, त्यामुळे रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडलचा दाब स्प्रिंगपर्यंत पोचवणारा भाग, विनाकारण झिजते आणि प्लेट घसरू लागते. सिग्नलला किंवा चाचणीच्या रांगेत थोडा जरी वेळ लागणार असेल तर गिअर काढून क्लच सोडून द्यावा.

प्रश्न : मोटारसायकलची चाचणी आहे. आठचा आकडा काढताना पाय खाली टेकतो. क्लच दाबून ठेवावा का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : क्लच पूर्ण दाबला की मोटारसायकलचा तोल जाऊ लागतो, कारण मागचे चाक ओढायचे थांबते, पाय खाली जातो तो त्यामुळेच. पहिल्या गिअरमध्ये थोडी एकसारखी रेस ठेवून हाफ क्लचवर चालवावे आणि गती जास्त वाटली तर मागचा ब्रेक हलका लावावा. पुढचा ब्रेक आणि वळवलेले हँडल एकत्र आले की गाडी आडवी होण्याचा धोका असतो. चारचाकीच्या उत्तरात हाफ क्लचविषयी जी काळजी सांगितली ती येथे तितकीशी लागू नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच अनेक प्लेटांचा आणि तेलात बुडालेला असतो, त्यामुळे एवढे घासणे तो सहज सोसतो.

प्रश्न : मुलीला स्वयंचलित गिअरच्या गाडीवर चाचणी देऊन क्लचची कटकटच टाळायची आहे. परवाना मर्यादित मिळेल का? पुढे ती शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १० मध्ये दुचाकींचे गिअर असलेली आणि गिअर नसलेली असे दोन वेगळे वर्ग आहेत, पण चारचाकींसाठी हलके मोटार वाहन हा एकच वर्ग आहे. त्यामुळे मुलीला मिळणारा परवाना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालेल. कायद्याने परवानगी असली तरी पायाला सवय नसेल, हे ध्यानात ठेवून क्लचची गाडी रस्त्यावर नेण्याआधी तिने स्वतंत्र सराव करणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये नियम उलट आहे. तेथे स्वयंचलित गाडीवर चाचणी दिली तर परवानाही स्वयंचलित गाडीपुरताच मिळतो, आणि क्लचची गाडी चालवायची तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. तेथे तिला स्थानिक परवाना काढावा लागणार असेल तर क्लच येथेच शिकून जाणे शहाणपणाचे.

घेतलेली गाडी एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी, असेल तर आणखी एक सूचना. तिच्यात पेडल नसले तरी क्लच असतोच. तो दाबण्या-सोडण्याचे काम फक्त यंत्र करते. चढावर ब्रेकऐवजी रेस देऊन गाडी जागेवर तोलून धरली तर तीही आतल्या आत हाफ क्लचवर राहते आणि प्लेट तापते. चढावर थांबायचे ते ब्रेकवरच.

प्रश्न : चाचणीत गाडी एकदा बंद पडली तर नापासच का? आणि नापास झाल्यास पुन्हा केव्हा जाता येते? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नियम १५ च्या यादीत चढावर मागे न सरकण्याची अट जशी स्पष्ट आहे, तशी इंजिन बंद न पडण्याची अट शब्दशः लिहिलेली नाही, तेथे गाडी सुरक्षितपणे आणि हिसका न बसता सुरू करण्याची अपेक्षा आहे. तेव्हा बंद पडण्यापेक्षा मागे येण्याची धास्ती अधिक बाळगावी. बंद पडल्यानंतर उमेदवार जी धांदल करतो ती अधिक महागात पडते. गाडी गिअरमध्ये असतानाच क्लच न दाबता चावी फिरवली की ती पुढे झेप घेते, म्हणून आधी ब्रेक, मग हॅण्डब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, आणि मग स्टार्टर, हा क्रम घाई न करता पाळावा. अनेक नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, पण शिकवणीची जुनी गाडी ही दक्षता घेत नाही.

नापास झाल्यास अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अपयश आले तर मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. शिकाऊ परवाना सहा महिनेच चालतो आणि तो मिळाल्यापासून निदान तीस दिवस झाल्याशिवाय पहिली चाचणीच देता येत नाही, हे धरून तारखा ठरवाव्यात. मधल्या दिवसांत ड्रायव्हिंग स्कूलकडे आठच्या आकड्यापेक्षा चढाचा सराव मागून घ्यावा. जवळपास चढ नसेल तर एखाद्या इमारतीच्या पार्किंगचा उतार, तेथील मंडळींची परवानगी घेऊन आणि शेजारी परवानाधारक चालक बसवून, या कामाला पुरतो.